दुसऱ्या गाडीचा शॉकअप

“आधी वझं दाखव.”

एवढं म्हणून तो गाडीच्या सीटवर तळहात ठेवायचा आणि दोनदा दाबायचा. एकदा हलकेच, एकदा अंगाचा सगळा भार टाकून. मग मान तिरपी करून मागच्या चाकाकडे कान द्यायचा. समोरचा सांगत असे, खड्ड्यात खटकन वाजते, कंबर राहिली नाही, पोरगी मागे बसायला भिते. मिस्त्री त्याचं ऐकतच नसे. त्याला चाकाचं ऐकायचं असे.

आमचं गाव कोहमाऱ्याच्या चौकापासून पाच-सहा किलोमीटरवर. गावच्या फाट्यावर, पंचायतीच्या जागेत त्याचं टिनाचं शेड होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही. गावात तसंही त्याला नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे मिस्त्रीच म्हणत. तो पंक्चरही काढायचा, क्लचची तारही बदलायचा, पण त्याची ख्याती एका कामाची. ज्या मोटारसायकलीचं मॉडेल कंपनीने बंद केलं, तिला दुसऱ्या मॉडेलचे मागचे शॉकअप बसवून देणं. आमच्याकडे बंद मॉडेलच्याच गाड्या जास्त. गोंदियाच्या दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस न पाहताच सांगतो, “वो नहीं आता अब, भैया.” मग माणूस मिस्त्रीकडे येतो.

तुम्हाला वाटेल, यात काय एवढं. जुने काढायचे, दुसरे लावायचे. पण दुसऱ्या गाडीचा शॉकअप चार सूत, म्हणजे अर्धा इंच, लांब असतो, त्याच्या कडीचं भोक मोठं असतं, स्प्रिंग कडक असते. मिस्त्री लेथवर बुश बनवून आणायचा, वायसर घालायचा, चाक खालीवर होताना चेन कुठे घासते ते पाहायचा. मग टायरवर खडू फासायचा आणि गाडीवाल्याला त्याच्या खऱ्या ओझ्यासकट खड्ड्यांतून फेरी मारायला पाठवायचा. परत आल्यावर मडगार्डच्या आत हात घालायचा. बोटाला खडू लागला, तर सगळं खोलून पुन्हा पहिल्यापासून.

टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं जागा राहिली पाहिजे, हा त्याचा नियम. जंगलात लाकडाच्या ट्रकवर क्लीनर होता तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. कोणी चेष्टेने विचारायचं, मिस्त्री, कोणत्या हाताची चार बोटं? तो म्हणायचा, “बायको बसत असन त उजव्या. सरपंच बसत असन त डाव्या.”

खऱ्या ओझ्याचा त्याचा हट्ट मोठा. एक दूधवाला रिकाम्या कॅना अडकवून आला, तर त्याला बोअरवर पाठवून कॅना पाण्याने भरून आणायला लावल्या. एक जण म्हणाला, मी दर बुधवारी सासूला दवाखान्यात नेतो. “मंग सासूले आन.” तो खरंच घेऊन आला. कामठ्याकडची म्हातारी, चांगली भरभक्कम. फाट्यावरच्या दहा माणसांदेखत तिला सीटवर बसवून मिस्त्री मागे उकिडवा बसला.

“मले काऊन बसवून राहिला रे बाप्पा असा?” ती ओरडली.

“गाडीले तुमची ओळख करून देऊन राहिलो, माय.”

म्हातारी इतकी हसली की मिस्त्री म्हणाला, “हालू नका, मोजमाप चुकन.”

एकदा शोरूमचा एक माणूस, कंपनीचा शर्ट घातलेला, थांबून पाहत होता. म्हणाला, “मिस्त्री, ये गलत काम है. कंपनी अलाउ नहीं करती.” मिस्त्रीने मान वर न करता उत्तर दिलं, “मॉडल बंद केलं कंपनीनं. त्याच्यावरचा मानूस अजून चालूच आहे ना जी.”

आता माझं सांगतो. सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

मी शाळेत बाबू. अक्षर चांगलं, म्हणून गावातल्या प्रत्येक सभेचं इतिवृत्त माझ्या हातचं. याशिवाय मी गावच्या दारूबंदी समितीचा सचिव होतो. अध्यक्षा होत्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाई म्हणत. बाई बोलायच्या कमी. भाषण माझं असायचं. मोहाच्या दारूने किती घरं बसली हे मी इतक्या कळकळीने सांगायचो की माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी खोटं नव्हतं, एवढं माझ्यावर विश्वास ठेवा.

पण बायकोच्या माहेरी, जंगलाकडच्या गावात, बांधावर मोहाची नऊ झाडं आहेत. उन्हाळ्यात सासू-सासरे पहाटेपासून फुलं वेचतात, वाळवतात, पोत्यांत भरतात. वेचणं हा काही गुन्हा नाही. आमच्या भागात मोह माणसं खातात, गुरांना घालतात, देवाला वाहतात. सासरे थकले, म्हणून पोती व्यापाऱ्याकडे पोचवायचं काम माझ्याकडे आलं. तो व्यापारी ती पुढे कोणाला देतो हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. भट्ट्या कुठे लागतात ते माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

माझ्या गाडीचे शॉकअप गेले तेव्हा मी मिस्त्रीकडे गेलो. त्याने सीट दाबली.

“बाबू, काय नेता?”

“मी आणि बायको. कधी तांदळाची एखादी चुंगडी, लहान पोतं.”

“मंग बायकोले आना. चुंगडी बी आना.”

बायको आली. लाजत बसली. मिस्त्रीने तिला पाय वर घ्यायला सांगितलं, खडू फासला. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “आणि ते उन्हाळ्यातलं—” मी मध्येच म्हटलं, “उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवतो मी.” तिने तोंड मिटलं. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, “आनखीन काई नाई?”

“नाही.”

त्याने दोन माणसं आणि एक चुंगडी यांच्या हिशेबाने एका मोठ्या गाडीचे जोडशॉकअप बसवले. काम इतकं सुरेख की कोहमाऱ्यापर्यंत गेलो तरी पोटातलं पाणी हललं नाही. खरं सांगितलं असतं, तर त्याने जाड स्प्रिंगचे शोधले असते, किंवा सरळ म्हणाला असता, हे वझं या गाडीचं नाही. दोन्हीही मला चाललं असतं. पण दारूबंदीचा सचिव मोहाची पोती घेऊन फाट्यावर उभा आहे, हे चाललं नसतं.

त्या उन्हाळ्यात मी कितीतरी सकाळी मागे दोन पोती आडवी बांधून आणि टाकीवर अर्धं ठेवून आडवाटेने गेलो. खड्ड्यात शॉकअप तळाला आपटायचे. तो आवाज कंबरेत जाणवायचा. एकदाचा हंगाम संपू दे, असं म्हणत मी पुढे जायचो.

हंगाम संपला. एका दुपारी शेजारच्या गावात दारूबंदीची बैठक होती. बाई माझ्या मागे बसल्या. त्या सडपातळ, हातात फक्त एक वही. नाल्यावरच्या रपट्याशी, त्या बुटक्या पुलाशी, उजव्या शॉकअपची खालची कडी तुटली. गाडी मागून बसली, टायर मडगार्डला अडकला, आम्ही दोघं आडवे. मला खरचटलं. बाईंचं मनगट मोडलं.

गाडी टेम्पोत घालून मिस्त्रीच्या शेडमध्ये आणली. तुटलेल्या तुकड्याचा फोटो तोवर गावच्या ग्रुपवर फिरला होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, दोनच माणसं, त्यात एक बाई, तरी शॉकअप तुटला. दुसऱ्या गाडीचा लावल्यावर दुसरं काय होणार? शेडसमोर माणसं जमली. मिस्त्री पुढे आला. खाली बसला, स्प्रिंगच्या तळाच्या वाटीत स्क्रूड्रायव्हर घातला आणि चिकटलेलं काहीतरी खरवडून काढलं. तपकिरी, चिवट, गोड वासाचं. पोत्याच्या शिवणीतून सांडलेला मोह. त्याने ते नाकाशी नेलं. मग पँटला पुसून टाकलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

आठ दिवसांनी पंचायतीत सभा झाली. ठराव असा होता की मिस्त्रीने दुसऱ्या गाडीचे पार्ट बसवणार नाही असं लिहून द्यावं, नाहीतर पंचायतीची जागा खाली करावी. इतिवृत्त लिहायला मी बसलो होतो. तसं कोणाला वावगंही वाटलं नाही. माझं अक्षर चांगलं.

मिस्त्री तुटलेली कडी फडक्यात गुंडाळून घेऊन आला. टेबलावर ठेवून म्हणाला, “हे पाहा. हा भाग काळा आहे, गंजलेला. हा भाग पांढरा. काळी चीर जुनी आहे. पांढरी त्या दिवसाची. दोन मानसानं हे नाई होत. कोनीतरी याच्यावर लय वझं नेलं.”

“मग कोनी नेलं?” सरपंचांनी विचारलं.

खोलीत सगळे त्याच्याकडे पाहत होते. मी वहीकडे. मोह हा एक शब्द उच्चारला असता, तर त्याचं शेडही वाचलं असतं आणि नावही.

“ज्यानं नेलं त्याचं त्याले ठाऊक,” तो म्हणाला. “मी कायले सांगू? मी फकत माह्या कामाचं सांगतो. माहं काम बरोबर होतं.”

“मिस्त्री, दोन ओळी लिहून द्या. काय जाते तुमचं?”

“काम जाते.”

“सही करा, मिटवून टाकू.”

“सही नाई करत. अंगठा बी नाई.”

मी लिहिलं: ‘सदर इसमाने चुकीच्या कामामुळे अपघात घडवला असून हमीपत्र देण्यास नकार दिला.’ ते वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. ‘सदर इसमाने’. रोज ज्याच्यासोबत चहा घेत होतो, त्याला.

दुसऱ्या दिवशी त्याने शेड स्वतःच उतरवलं, एकेक टिन, एकेक खिळा सरळ करून डब्यात टाकत. कोणी हात लावायला गेलं की म्हणे, “ठेवा. मी लावलं होतं, मीच काढतो.” ते सगळं त्याने आपल्या घराच्या अंगणात नेलं आणि तिथे पुन्हा उभं केलं. त्यातल्या एका टिनावर चुन्याने मोठ्या अक्षरांत लिहून ते रस्त्याकडे तोंड करून लावलं: ‘येथे दुसऱ्या गाडीचे शॉकअप बसवून मिळतील.’ पंचायतीने जे करू नको म्हटलं, नेमकं तेच. त्याआधी त्याच्या शेडवर कधी पाटी नव्हती.

लोक जाईनासे झाले. दूधवाला गेला नाही. सासूवालाही गेला नाही. मिस्त्री दिवसभर अंगणात बसून जुने बुश घासत असे. बायको एकदा मला म्हणाली, “मी तिथं गप्प बसली, म्हणून तुम्ही बरोबर झाले काय?” मी म्हणालो, गावात आपली अब्रू आहे. ती म्हणाली, “त्याची नव्हती?”

पुढचा उन्हाळा आला. मोह पडायचा तो पडलाच. मी गाडीला माझे जुने, बसलेले शॉकअप कसेबसे लावले, दोन पोती मागे बांधली आणि बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाच्या उन्हात, गावातून पायी ढकलत निघालो. ओझ्याने टायर मडगार्डला घासत होता. असा काही आवाज करत होता की दारोदार माणसं बाहेर आली. बायको मागून ढकलत होती. कोणीतरी म्हणालं, “बाबू, समितीची मीटिंग कुठं भरून राहिली आज?” मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत फिरलो असतो.

मिस्त्री अंगणात बसला होता. उठला नाही.

“मिस्त्री, हे माझं ओझं.”

त्याने बसल्या जागेवरून पोत्यावर तळहात दाबला.

“मागच्या साली एवढंच होतं?”

“टाकीवर आणखी अर्धं पोतं होतं.”

“ते कुठं आहे?”

“घरी.”

“मंग जा. आना.”

मी परत गेलो. अर्धं पोतं डोक्यावर घेऊन दुसऱ्यांदा तोच रस्ता. आता तर लोक उभे राहून वाटच पाहत होते. मिस्त्रीने ते टाकीवर ठेवायला लावलं, वाकून मागचं चाक पाहिलं. मडगार्डमध्ये एक बोटही जात नव्हतं.

“हे वझं कोन्याच शॉकअपचं नाई, बाबू. दोन फेऱ्या करत जा.”

मी बोलायला लागलो. चुकलो, घाबरलो, वगैरे. त्याने हात वर केला.

“माह्यापाशी कायले सांगून राहिले? मले त ठाऊकच होतं. जिथं लिवलं तिथं लिवा. तोवर गाडी इतंच राहू द्या. वझ्यासंगं.”

गाडी सतरा दिवस त्याच्या अंगणात उभी होती, पोत्यांसकट, पाटीच्या खाली. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण ती पाहत होता.

ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि लिहून आणलेलं वाचलं. सरपंच म्हणाले, “झालं ते झालं, बाबू. जुनं कायले उकरून राहिले?” दोन-चार जणांनी मान डोलावली. कोणालाच ते नको होतं. माझी चूक निघाली की ठरावावर सही करणाऱ्या सगळ्यांची निघत होती. तेवढ्यात बाई बोलल्या. त्यांचं मनगट नीट जुळलं नव्हतं, हात किंचित वाकडाच राहिला होता.

“लिहू द्या त्यांना. माझा हात कशाने मोडला, ते मला वहीत वाचायचं आहे.”

मी लिहिलं. सगळ्यांत पहिली सही बाईंनी केली. मग त्याच वाकड्या हाताने त्यांनी समितीची वही माझ्याकडून काढून घेतली, ती कायमची.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचलं. सरपंच म्हणाले, जुना ठराव खोडून टाकू. तो म्हणाला, “खोडू नका. ते बी राहू द्या, हे बी राहू द्या. मागून वाचनाऱ्याले समजलं पाहिजे, काय झालं होतं.”

“मग जागा घ्या तुमची परत. फाट्यावर या.”

“जागा पंचायतीची आहे जी. तुमी उद्या आनखीन काई लिवान. मी आंगनात बरा हावो.”

तो गेला नाही. फाट्यावरची ती जागा अजून रिकामी आहे, तिथे लोक बसची वाट पाहतात. पाटीही त्याने काढली नाही. माझी गाडी मात्र दुरुस्त करून दिली. ती करताना माझा चहा घेतला नाही. त्याने मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मी ज्या दिवशी ‘सदर इसमाने’ लिहिलं त्याच दिवशी गमावला होता. पुढे चहा घेऊ लागला, पण सहा महिन्यांनी, आणि तोही माझ्या बायकोच्या हातचा.

या हिवाळ्यात तो गेला. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी संपलं. मातीला मी थोडा उशिरा पोचलो. त्याच्या अंगणापासून डांबरी रस्त्यापर्यंत मोटारसायकलींची रांग होती. आमच्याकडे लग्नालाही एवढ्या येत नाहीत. चालता चालता माझ्या लक्षात आलं की रांग जरा विचित्र दिसते आहे.

लांब शॉकअप बसवला की गाडी मागून उंच होते, आणि साइड स्टँडवर जास्त कलते. मिस्त्री प्रत्येकाला सांगायचा, आठ दिवसांनी या, स्टँडला तुकडा जोडून देतो. गाडी चालतेय म्हटल्यावर परत कोण जातो? सगळ्या गाड्या डावीकडे वाकून उभ्या होत्या, एकीनंतर एक, पार रस्त्यापर्यंत. दूधवाल्याची होती. सासूवाल्याची होती. ठरावावर सही करणाऱ्यांपैकी कितीतरी मी ओळखल्या. हे लोक त्याच्याकडे पुन्हा कधी जाऊ लागले, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

फाटकाला लागून सरपंचांची गाडी होती. ठरावाच्या दिवशी ती पंचायतीसमोर सरळ उभी होती, हे मला पक्कं आठवतं. आता तीही कललेली होती, इतरांपेक्षा जरा जास्तच.

मी माझी गाडी तिच्या शेजारी लावली आणि आत गेलो.